ओळखणाऱ्या दोघांच्या सह्या

स्कूटरचा नंबर लागल्याचं कार्ड आलं, तेव्हा माझ्या बायकोला, कालिंदीला, जाऊन तीन वर्षं होत आली होती.

नंबर मी शहात्तर साली लावला होता. ती तेव्हा कोडोलीच्या शाळेत शिकवायची. सकाळी सहा चाळीसची एसटी धरायला मंगळवार पेठेतून स्टँडपर्यंत चालत जायची, पावसाळ्यात एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात तपासलेल्या वह्यांची पिशवी घेऊन. तिला निदान स्टँडवर सोडता यावं, एवढाच माझा विचार. मला सायकलखेरीज काही चालवता येत नव्हतं. पण नंबर लागायला सात-आठ वर्षं जातात असं सगळे सांगत होते, तेवढ्या काळात शिकून घेईन असं मी तिला म्हणालो होतो. शिकलो नाही. मी वाचनालयाच्या नोकरीतून निवृत्त झालो, तिची निवृत्ती दोन वर्षांवर आली, आणि ती गेली. त्यानंतर नंबर रद्द करा म्हणून शोरूमला चार ओळींचं पत्र लिहायचं होतं. तेही माझ्याकडून झालं नाही. म्हणून चौऱ्याऐंशीच्या जानेवारीत, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, मी एका फिक्या निळ्या स्कूटरचा मालक झालो.

"दाजी, विकून टाका की," खालच्या मजल्यावरच्या शालूबाई म्हणाल्या. "किमतीच्या वर ऑनचं पैसं मिळत्यात म्हणं चांगलं." कालिंदीला त्या अक्का म्हणायच्या, म्हणून मी दाजी. अक्का गेल्या तरी माझं नातं त्यांनी तसंच ठेवलं होतं.

मी "बघू" म्हणालो. माझं बहुतेक बोलणं या एका शब्दात उरकतं.

स्टेशन रोडवरच्या शोरूममध्ये गाडीचे कागद ताब्यात घ्यायला गेलो. टेबलावर गुंडू नावाचा तिशीतला माणूस होता. त्यानं सगळे कागद दिले आणि त्यांच्यावर आणखी एक ठेवला.

"काका, ही वाढीव गॅरंटी. कंपनीची सहा म्हैन्यांची असतीय. तिच्यावर आमच्या मालकांची दोन वर्सांची. साडेतीनशे रुपय. इंजिन जाऊ दे, गिअर जाऊ दे, आमी फुकट करून देणार."

"घ्यावी का?"

"आता मी विकणारा माणूस, आन् मलाच इच्यारताय?" तो हसला. "घ्या की. ह्या वयात डोक्याला ताप कशाला? फकस्त पंधरा दिवसांत फॉर्म भरून द्या. एक दिवस वर गेला तर मालक घेत न्हाईत."

मी उभ्या उभ्याच फॉर्म वाचायला लागलो. माझ्या मागे शिरोळकडचा एक बागायतदार होता. थोडा वेळ त्यानं वाट पाहिली. "पावणं, घरी जाऊन वाचा की," तो म्हणाला, आणि माझ्या बाजूनं हात घालून त्यानं स्वतःच्या फॉर्मवर, एक ओळही न वाचता, सही ठोकली. गुंडूनं तो फाइलला लावला.

मी मात्र शेवटापर्यंत वाचलं. शेवटी लिहिलं होतं, 'मी अर्जदारास गेली किमान पाच वर्षे व्यक्तिशः ओळखतो व त्याच्या वर्तनाची खात्री देतो.' त्याखाली सह्यांसाठी दोन रेघा.

"गॅरंटी तुम्ही मला देणार ना?" मी विचारलं. "मग माझ्या वर्तनाची खात्री कशाला?"

गुंडूनं फॉर्म स्वतःकडे फिरवला. तो रकाना त्यानंही बहुधा प्रथमच वाचला असावा. "आमच्या मालकांची पतपेढी हाय न्हवं. तिथल्या कर्जाच्या फॉर्मवरनंच छापून घेतलाय ह्यो. पण रकाना हाय म्हंजे भरायला लागतोय. सोपं हाय वो. कुणी बी दोन वळखीची माणसं."

खरंच, सातव्या कलमात 'ग्राहकाने'च्या जागी 'सभासदाने वाहन सुस्थितीत ठेवावे' असं राहून गेलं होतं. मला अशा गोष्टी लगेच दिसतात. त्याचा आजवर मला काही फायदा झालेला नाही.

बाहेर पडताना मलाही ते सोपं वाटलं. घरी येऊन नावं लिहायला बसलो. माझा थोरला भाऊ गारगोटीला होता, तो वारला. त्याचा मुलगा बडोद्याला असतो. दिवाळीला पत्र पाठवतो. कालिंदीच्या शाळेतल्या बाया तेराव्याला आल्या होत्या, पण त्या तिला ओळखत. उरलं वाचनालय. बत्तीस वर्षं मी तिथे एका टेबलामागे बसलो. कोणाला काय वाचायला आवडतं, कोण पानं दुमडतं, कोण पुस्तक न वाचताच परत आणतं, हे मला नऊशे माणसांबद्दल सांगता आलं असतं. त्या नऊशेंतून दोन नावं काढायला मला काय अडचण, असं वाटलं. पण कागदावर एक नाव लिहायचो आणि मनात यायचं, हा मला ओळखेल? मग ते खोडायचो.

गाडी शिकवायचं काम शोरूमनं त्यांच्या वर्कशॉपमधल्या चन्नाप्पाकडे दिलं होतं. नवीन गिऱ्हाइकाला तो चार सकाळी शिकवायचा. माझ्यासाठी त्यानं नऊ सकाळी घालवल्या. कळंब्याकडच्या रस्त्यावर, ऊन चढायच्या आत, तो मागे बसायचा आणि मी गिअर टाकला की कानडीत मोजायचा, "ओंदू, एरडू." तो मूळचा सीमेपलीकडचा. मी शिक्षक असेन असं त्यानं स्वतःच ठरवलं होतं आणि मला मास्तर म्हणायचा. मी कधी दुरुस्ती केली नाही.

पाचव्या दिवशी मी त्याला गॅरंटीचं विचारलं.

"मालकाला सांगू नका मी बोललो म्हणून," चन्नाप्पा म्हणाला. "घेऊ नका. जे मोडतंय ते त्यात न्हाई. क्लचची वायर, ब्रेकची वायर, प्लग, बल्ब, काय बी न्हाई. जे त्यात हाय ते दोन वर्सांत मोडत न्हाई. साडेतीनशे रुपयात तुमी चार वर्सं वायरी बदलशीला."

"म्हणजे नकोच?"

"मास्तर, मी सांगितलं. आता तुमी शिकल्याली माणसं, इच्यार करशीलाच." आणि त्यानं माझ्या पाठीवर हळूच थाप मारली. "चला, पुन्यांदा. क्लच सावकाश सोडा."

इथे खरं तर प्रश्न संपायला हवा होता. पण त्या दिवशी घरी आल्यावरही मी पुन्हा नावांचा कागद काढला, आणि तेव्हा मला समजलं की मी इंजिनाचा विचार केव्हाच सोडून दिला आहे. या गावात मला पाच वर्षं ओळखणारी दोन माणसं आहेत की नाहीत, एवढंच मला जाणून घ्यायचं होतं. असली तर गॅरंटी घ्यायची, अडीच वर्षं गाडी ठेवायची आणि चालवायची. नसली तर शालूबाई म्हणतात तसं विकून टाकायची. एकट्या माणसाला स्कूटर कशाला लागते? हा हिशेब वेडगळ आहे हे मला कळत होतं. कळून काही बदललं नाही.

शेवटी गणपतरावांचं नाव मी खोडलं नाही. सभासद क्रमांक चारशे बारा. एकवीस वर्षं ते दर शनिवारी संध्याकाळी यायचे. वर एक संतचरित्र ठेवायचे आणि खाली दोन रहस्यकथा. संतचरित्र पुढच्या शनिवारी तसंच परत यायचं. मी ते दर वेळी मुकाट्यानं नोंदवून घ्यायचो. आम्हा दोघांत हे एक गुपित आहे असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो.

ते राजारामपुरीत सहाव्या गल्लीत राहत. दहाव्या दिवशी सकाळी मी गेलो. ते अंगणात खुर्ची टाकून बसले होते.

"कोण हवंय?" त्यांनी तिथूनच विचारलं.

"गणपतराव, मी हेर्लेकर."

"कुठले हेर्लेकर?"

"वाचनालयातला."

"वर्गणी राहिलीय काय? मी तर बंद केलं की, डोळ्यांमुळं."

"वर्गणीचं नाही. मी आता तिथे नसतो. टेबलावर बसायचो. पुस्तकं द्यायचो."

ते उठून फाटकाशी आले आणि माझ्याकडे नीट पाहिलं. "टेबलावर एक उंच गृहस्थ होते बघा. हसून बोलायचे. फार चांगला माणूस."

"ते आमचे शिपाई. मी त्यांच्या पलीकडे."

"असं होय. या, बसा."

त्यांची सून पाणी घेऊन आली आणि दारातच उभी राहिली. गणपतरावांनी फॉर्म डोळ्यांजवळ धरून वाचला. मग पुन्हा वाचला. "वर्तनाची खात्री," असं दोनदा पुटपुटले.

"राग मानू नका," ते म्हणाले. "जन्मभर मी कचेरीत हेच बघितलं. सहीनं माणूस अडकतंय. चेहरा बघितल्यासारखा वाटतोय तुमचा, न्हाई असं न्हाई. पण पाच वर्षं ओळखतो असं कसं लिहून देऊ? तुमचं पहिलं नाव काय म्हणालात?"

"अंबादास."

"बघा. नावसुद्धा आत्ता कळालं."

मला त्यांना आठवण करून देता आली असती. रहस्यकथांची नावं सांगितली असती तर त्यांना सगळं आठवलं असतं. पण सून दारात उभी होती. मी म्हणालो, "तुमचं बरोबर आहे," आणि पाणी पिऊन निघालो. परतताना रस्ताभर मी मनात त्यांचीच बाजू मांडत होतो. एकवीस वर्षांत मी तरी त्यांना एक शब्द कुठे विचारला होता? पुस्तक कसं वाटलं, एवढंसुद्धा नाही.

त्यानंतर तीन दिवस मी फॉर्म बाहेर काढला नाही. तेराव्या दिवशी जिना उतरत होतो, तेव्हा शालूबाई त्यांच्या दारात मेथी निवडत बसल्या होत्या. त्यांना विचारायचं मी आधी कधी मनात आणलं नव्हतं. आम्ही अकरा वर्षं एका घरात राहत होतो, त्या खाली, आम्ही वर. पण ते सगळं कालिंदीच्या मार्फत. मी तीन पावलं पुढे गेलो आणि परत आलो.

"शालूबाई, एक सही हवी होती."

"सही? माझी? कोरटाचं हाय काय?"

"स्कूटरच्या गॅरंटीचं आहे."

"वाचा बघू. माझे हात मेथीचं हायती."

मी वाचून दाखवलं. 'अर्जदारास गेली किमान पाच वर्षे व्यक्तिशः ओळखतो' इथे त्यांचा हात थांबला.

"मी वळखते व्हय तुमास्नी?"

यावर हसायचं असतं का, ते मला कळेना.

"खरंच इच्यारते," त्या म्हणाल्या. "अक्काला वळखत हुते मी. तिला काय आवडतंय, तिचं डोकं कशानं दुखतंय, ती भणीसंगं का बोलत न्हाई, समदं ठावं हुतं मला. तुमचं काय ठावं हाय? पाणी आलं का, म्हणून इच्यारता. दूधवाला येऊन गेला का, म्हणून इच्यारता. तीन वर्सांत तिसरा सवाल न्हाई."

"हो," मी म्हणालो.

"व्हय काय म्हणता नुसतं? एकदा माझ्या मनात आलं हुतं, इच्यारावं, जेवता का न्हाई येळंवर. पण तुमी जिन्यावरनं असं जाता, जसं मी खांबच हाय हितला."

"मला वाटायचं, तुम्हाला उगाच त्रास."

"तरास." त्यांनी एक काडी मोडून बाजूला टाकली, पदराला हात पुसले, मग आत जाऊन नळाखाली धुऊन आल्या. "द्या हिकडं. कुठं करू?"

"पण तुम्ही ओळखत नाही म्हणालात."

"अकरा वर्सं एका जिन्याखाली काढली. एवढ्यात वळख झाली न्हाई, त्यो तुमचा दोष, माझा न्हाई. कुठं करू, बोला."

मी रेघ दाखवली. उंबऱ्यावर फॉर्म ठेवून, जीभ दातांत धरून, त्यांनी वेळ घेऊन सही केली.

"दुसरी कुणाची?" त्यांनी विचारलं.

"बघू," मी म्हणालो.

दुसरी कुणाची मिळणार नाही हे मला त्याच क्षणी माहीत होतं. तरी पंधराव्या दिवशी दुपारी चारला मी शोरूममध्ये गेलो. खिशात साडेतीनशे रुपये होते. एकच सही मिळाली, चालत असेल तर बघा, असं म्हणायचं मी वाटेत पाठ केलं होतं.

"एकच?" गुंडू म्हणाला.

"एकच मिळाली. चालत असेल तर—"

"आवो काका, मग पयल्यांदाच सांगायचं न्हाई व्हय." त्यानं खुर्चीतूनच मागे वळून हाक मारली, "चन्नाप्पा, ये रं जरा. सही पायजे." आणि माझा फॉर्म लावायला त्यानं फाइल उघडली.

फाइलमध्ये पन्नास-साठ फॉर्म असतील. तो पानं उलटत असताना मी पाहत राहिलो. प्रत्येकावर खाली त्याच दोन सह्या होत्या. एक कानडी वळणाची, ठसठशीत. दुसरी गुंडूची. शिरोळच्या त्या बागायतदाराला दोघंही गेली पाच वर्षं व्यक्तिशः ओळखत होते.

"सगळ्यांची तुम्हीच करता?"

"मग काय? कोण हिंडतंय वो दोन सह्यांसाठी?" मग माझ्या तोंडाकडे पाहून तो थांबला. "तुमी हिंडलात काय?"

मी फॉर्मची घडी सरळ केली. चन्नाप्पा चिंधीला हात पुसत आला.

"मास्तर व्हय. वळखतो की ह्यांना," तो म्हणाला. "क्लच सोडताना डोळं मिटतात ह्यांचं."

गुंडू मोठ्यानं हसला. मलाही हसू आलं. मला ते माहीत नव्हतं. नऊ सकाळी माझ्या मागे बसून त्या माणसानं आरशात ते पाहिलं होतं. चन्नाप्पानं टेबलावरचं पेन उचललं, आणि मी फॉर्मवर हात ठेवला.

"राहू दे," मी म्हणालो. "गॅरंटी नको."

"एका सहीपायी?" गुंडूला खरंच कळेना. "आवो, मी हाय, ह्यो हाय. दोन काय, चार करून देतो."

त्यानं दोष कोणालाच लागणार नव्हता, आणि मीही तत्त्वाचा वगैरे माणूस नाही. पण शालूबाईंनी आधी मला फैलावर घेतलं होतं, मग हात धुतले होते, मग सही केली होती. त्या सहीशेजारी साठ फॉर्मांवरची तीच सही बसली असती, तर शालूबाईंचीही तशीच झाली असती. त्या कागदावर जेवढं खरं होतं तेवढंच राहावं असं मला वाटलं. हे गुंडूला मला सांगता येईना.

"नको," एवढंच पुन्हा म्हणालो.

"मग गाडी विकणार तर. आमच्याच मार्फत द्या, चांगलं गिऱ्हाईक—"

"नाही. चालवणार."

हे मी कधी ठरवलं, मला सांगता येत नाही. माझ्याच तोंडून मी ते प्रथम ऐकलं. चन्नाप्पानं पेन खाली ठेवलं आणि मान खाली घालून हसला.

"उद्या इंजिन बसलं तर आमच्या नावानं बोंबलू नका," गुंडू म्हणाला.

"नाही."

गाडी मी बाहेर लावली होती. गर्दीच्या वेळी ती मी प्रथमच एकटा चालवत होतो. वाटेत एका चौकात ती बंद पडली. मागून ट्रकवाला ओरडला, "वो आजोबा, बाजूला घ्या की लोखंड." मी बाजूला घेतली, पाच-सहा किका मारल्या, चालू झाली. मंगळवार पेठेत शिरेपर्यंत मी दुसऱ्या गिअरच्या वर गेलो नाही.

शालूबाई मागच्या अंगणात बंब पेटवत होत्या. त्यांचा मुलगा गिरणीतून येऊन आंघोळ करायचा. स्कूटरचा आवाज ऐकून बोळातून पुढे आल्या.

"झालं काम?"

"नाही. गॅरंटी घेतली नाही. दुसरी सही नव्हती."

"मग माझी कशापायी घेतलीसा?"

तुमची एक होती म्हणूनच दुसरी भलतीसलती नको वाटली, असं मला म्हणायचं होतं. मनात वाक्य नीट जुळलंही होतं. तोंडातून "चुकलं" एवढंच आलं.

"चुकलं काय चुकलं? फॉर्म कुठं हाय?"

"परत आणलाय."

"आणा हिकडं. माझ्या नावाचा कागद असा हिंडाय नको."

तो मी ठेवून घेणार होतो. टेबलाच्या खणात, कालिंदीच्या पत्रांजवळ. वाटेत तसं ठरवलं होतं. पण शालूबाईंनी हात पुढे केला होता, आणि त्यांना नाही म्हणायला माझ्याजवळ काही कारण नव्हतं. मी खिशातून काढून दिला. त्यांनी सही आहे का ते पाहिलं, कागदाचे चार तुकडे केले, मागे जाऊन बंबात टाकले आणि वर दोन शेणी सारल्या. बोळाच्या तोंडाशी उभा राहून मी ते बघितलं. धूर झाला, मग जाळ धरला.

"आता काय?" त्या म्हणाल्या. "गाडी भिताडाला लावा, न्हाईतर पोरं पाडत्यात. आन् आत येऊन बसा. हितं धुरात हुबं ऱ्हाऊन काय मिळतंय?"

मी गाडी भिंतीला लावली. किल्ली काढली, पुन्हा एकदा हँडल हलवून पाहिलं. मग चपला काढून आत गेलो. अकरा वर्षांत ती खोली मी आतून पाहिली नव्हती. कॉटवर वाळलेल्या कपड्यांचा ढीग होता, तो थोडा सरकवून मी कडेला बसलो. शालूबाई पाठमोऱ्या पीठ मळत होत्या. बऱ्याच वेळानं वरच्या दुसऱ्या बिऱ्हाडातल्या कोणाची तरी पावलं जिन्यावर वाजली आणि वर गेली. मी मात्र वर जायला उठलो नाही.